डबीत बुरशी नको आणि गालावर पुरळही नको : प्रसाधनांतल्या परिरक्षकांची सुरक्षितता नेमकी कशी ठरते?

सहाण | ३ जून, सकाळी ९.१०

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात बाळासाठी घेतलेले लोशन दुकानदाराला परत केले, कारण बाटलीमागच्या बारीक अक्षरांतला ‘मेथिलपॅराबेन’ या परिरक्षकाचे, म्हणजे प्रसाधन नासू न देणाऱ्या पदार्थाचे, नाव तिच्या मैत्रिणीने तिला शोधून दाखवले होते. त्याच्या जागी ‘पॅराबेन-मुक्त’ असा हिरवा शिक्का मिरवणारे, दीडपट किमतीचे लोशन आणि त्याच माळेतले ओले वाइप्स ती घेऊन आली. मी चष्मा चढवून वाइप्सच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचली, तर शेवटून तिसरे नाव मेथिलआयसोथायाझोलिनोन, म्हणजे ॲलर्जीसाठी पॅराबेनहून कितीतरी बदनाम असलेले परिरक्षक! आगीतून फुफाट्यात पडण्याचे याहून नेमके उदाहरण मला माझ्या नोकरीत मिळालेले नाही.

प्रसाधने बनवणाऱ्या कारखान्यांसाठी सुरक्षितता-अहवाल तयार करणे ही माझी चौदा वर्षांची नोकरी आहे. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. वाचणाऱ्यांनी तेवढे मीठ घालूनच पुढचे वाचावे.

ज्या प्रसाधनात पाणी आहे त्यात सूक्ष्मजीव वाढणार, हा या विषयाचा पाया आहे. खोबरेल तेल, तुपातले काजळ किंवा कोरडे उटणे यांना परिरक्षक लागत नाही, कारण जिवाणूंना जगायला लागणारे मोकळे पाणीच त्यांत नसते. क्रीम, लोशन, जेल आणि शाम्पू यांत मात्र पाणी असते, खाद्य असते आणि आपण रोज त्यात बोट घालतो. परिरक्षक नसलेली बरणी वरून स्वच्छ दिसत असतानाही तिच्यात एका ग्रॅममागे लाखो जिवाणू असू शकतात, आणि त्यांना दर वेळी वास येतोच असे नाही. २००६ मध्ये बार्सिलोनातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाच रुग्णांना बर्कहोल्डेरिया सेपेशिया या जिवाणूचा संसर्ग झाला होता. शोध घेता घेता तो रुग्णांच्या अंगाला लावल्या जाणाऱ्या मॉइश्चरायझिंग लोशनमध्ये सापडला. निरोगी माणसाला हा जिवाणू सहसा काही करत नाही. आजाऱ्याला तो जिवावर बेततो.

म्हणून परिरक्षकाचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. पहिला, ते या उत्पादनात खरोखर काम करते का? दुसरा, ते या प्रमाणात, शरीराच्या या भागावर, रोज आणि वर्षानुवर्षे लावले तर अपाय करते का? समाजमाध्यमांवर चर्चा होते ती फक्त दुसऱ्याच्या अर्ध्या भागाची, म्हणजे ‘हा पदार्थ वाईट की चांगला’ एवढीच. मात्रा, जागा आणि त्याच्या ऐवजी काय घातले, या तीन गोष्टी सोडून दिल्या तर त्या प्रश्नाला उत्तर नसते.

डॉ_निरगुडी | ३ जून, दुपारी २.४५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सहाण यांनी ज्या मेथिलआयसोथायाझोलिनोनचा उल्लेख केला आहे, त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण मूल्यमापनाची पद्धत कोठे चुकली हे तिच्यात लख्ख दिसते. पुढे मी त्याला ‘एमआय’ म्हणेन.

ऐंशीच्या दशकापासून एमआय हे मेथिलक्लोरोआयसोथायाझोलिनोन या जुळ्या भावासोबत एकास तीन या प्रमाणात वापरले जात होते. त्या मिश्रणाची ॲलर्जी येते हे लवकरच कळले आणि युरोपात त्याची मर्यादा १५ पीपीएमवर आणली गेली, म्हणजे दहा लाख भागांत पंधरा भाग. मिश्रणातला जास्त तापट तो क्लोरोवाला, त्यामुळे त्याला वगळून नुसते एमआय वापरावे असा विचार पुढे आला. एमआय एकटे जिवाणूंविरुद्ध दुबळे पडते, म्हणून त्याची मात्रा वाढवावी लागली. २००५ मध्ये युरोपने त्याला १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली. मिश्रणाच्या १५ पीपीएममध्ये एमआयचा वाटा सुमारे ३.७५ पीपीएम होता. नव्या परवानगीने त्वचेला त्याच रेणूची सव्वीस-सत्तावीस पट मात्रा मिळू लागली.

नेमक्या याच काळात पॅराबेनची भीती पसरली आणि उत्पादकांनी पर्याय म्हणून एमआयला जवळ केले. त्यातही ओल्या वाइप्समध्ये त्याचा भरपूर वापर झाला, आणि वाइप्स तर बाळाच्या मांड्यांमध्ये फिरवून धुऊन न टाकता तसेच सोडून देण्याची वस्तू. २०१० नंतर पॅच टेस्टच्या, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासण्याच्या, खोल्यांत एमआयचे रुग्ण वाढू लागले आणि २०१३ च्या सुमारास युरोपातल्या काही केंद्रांत तपासलेल्या रुग्णांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना त्याची ॲलर्जी निघाली. त्याच वर्षी अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने त्याला ‘वर्षातला ॲलर्जेन’ ठरवले. त्यानंतर युरोपने लावून ठेवायच्या उत्पादनांतून एमआय २०१७ पासून हद्दपार केले आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांतली मर्यादा पुढच्या वर्षी १५ पीपीएमवर आणली.

ॲलर्जीबाबत एक गोष्ट रुग्णांना मला दररोज समजवावी लागते. एकदा शरीराने एखाद्या रेणूची ओळख ठेवली की ती ओळख बहुधा आयुष्यभर टिकते. घराच्या भिंतींना देतात त्या पाण्यात कालवलेल्या रंगातही एमआय असते. वाइप्समुळे ॲलर्जी झालेल्या बाईंना नव्याने रंगवलेल्या खोलीत नुसते बसूनही चेहऱ्यावर पुरळ येते, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

शंकेखोर | ३ जून, रात्री १०.२०

एमआय वाईट म्हणून पॅराबेन चांगले, असे सिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडले होते ना? शिवाय ती इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी वागतात हेही प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. ‘सुरक्षित मर्यादा’ वगैरे आकडे कोण आणि कशावरून ठरवते? मला हे आकडे नेहमी हवेतून काढल्यासारखे वाटतात. आपल्या नोकरीचा उल्लेख आपण स्वतःच केलात हे बरे झाले.

सहाण | ४ जून, सकाळी ७.३०

शंकेखोर, आपले दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. आकडे कोठून येतात हे एका उदाहरणात संपूर्ण करून दाखवतो. थोडे गणित सोसावे लागेल.

आधी गाठींविषयी. रीडिंग विद्यापीठातल्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वीस गाठींचे नमुने तपासले. त्यांत एका ग्रॅम ऊतीत सरासरी २०.६ नॅनोग्रॅम पॅराबेन आढळले. त्या अभ्यासात तुलनेसाठी निरोगी ऊती घेतलेल्या नव्हत्या, आणि ऊती न घालता चालवलेल्या कोऱ्या नमुन्यांतही काही पॅराबेन निघाले होते. ‘पॅराबेनमुळे कर्करोग झाला’ असे त्या निबंधात म्हटलेलेच नाही. तो मथळा वर्तमानपत्रांचा. त्याच गटाने २०१२ मध्ये चाळीस स्त्रियांच्या १६० नमुन्यांचा अभ्यास केला, तेव्हा १५८ नमुन्यांत पॅराबेन मिळाले. त्या चाळीस जणींपैकी सात जणींनी काखेत कधीही डिओडरंट वापरले नव्हते, असे त्यांनी सांगितले होते. म्हणजे पॅराबेन शरीरात पोचतात, आणि एकाच वाटेने पोचत नाहीत, एवढे यातून पक्के कळते. पोचल्यावर काय करतात हा पुढचा प्रश्न उरतोच.

इस्ट्रोजेनविषयी बोलायचे तर १९९८ च्या ज्या प्रयोगापासून ही चर्चा सुरू झाली, त्यात यीस्टच्या पेशींवर ब्यूटिलपॅराबेनचा परिणाम दिसला होता, पण तो शरीरातल्या इस्ट्राडिओल या मुख्य इस्ट्रोजेनच्या सुमारे दहा हजारांश होता. पॅराबेनच्या रेणूतली कार्बनची साखळी जितकी लांब तितका परिणाम जास्त. मेथिलपॅराबेन सर्वांत मवाळ, ब्यूटिल त्याहून बरेच तिखट. ‘पॅराबेन’ असा एकच शब्द वापरून सगळ्यांना एका दावणीला बांधणे म्हणूनच मला पटत नाही.

आता मर्यादा. युरोपीय आयोगाची ग्राहक सुरक्षिततेची वैज्ञानिक समिती, जिला एससीसीएस म्हणतात, तिने २०१० मध्ये ब्यूटिलपॅराबेनसाठी केलेली आकडेमोड अशी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला कोणताही परिणाम दिसला नाही अशी मात्रा शोधली, ती शरीराच्या दर किलोमागे रोज २ मिलिग्रॅम. हा प्रयोग नवजात उंदरांवर, त्वचेखाली टोचून केलेला होता. मग माणसाच्या अंगात किती जाईल याचा अंदाज घेतला. एक प्रौढ व्यक्ती दिवसभरात लोशन, क्रीम, शाम्पू, डिओडरंट असे सगळे धरून, धुऊन जाणारा भाग वजा करता, १७.४ ग्रॅम प्रसाधन अंगावर बाळगते असे गृहीत धरले. त्या प्रत्येक उत्पादनात हेच परिरक्षक कमाल मात्रेत आहे असेही धरले. माणसाच्या कातडीवर प्रयोगशाळेत केलेल्या मोजणीवरून त्यातले ३.७ टक्के आत शिरते असे मानले आणि व्यक्तीचे वजन ६० किलो घेतले.

जुनी मर्यादा ०.४ टक्के होती. १७,४०० मिलिग्रॅमचे ०.४ टक्के म्हणजे ६९.६ मिलिग्रॅम, त्याचे ३.७ टक्के म्हणजे सुमारे २.५८ मिलिग्रॅम, त्याला ६० ने भागले की दर किलोमागे ०.०४३ मिलिग्रॅम. दोनला या आकड्याने भागले तर उत्तर सुमारे ४७ येते. या उत्तराला सुरक्षिततेचे अंतर म्हणतात आणि ते किमान १०० असावे असा संकेत आहे: प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा पट, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा पट. ४७ म्हणजे नापास. मात्रा ०.१९ टक्क्यांवर आणली की तेच उत्तर ९८ येते, म्हणजे जवळजवळ शंभर. ०.१९ टक्के हे एस्टरचे, म्हणजे अख्ख्या पॅराबेन रेणूचे प्रमाण आहे. कायद्यात ते त्या रेणूतल्या नुसत्या आम्लाच्या भागाच्या रूपात मोजतात, तेव्हा ते ०.१४ टक्के होते. प्रोपिल आणि ब्यूटिल पॅराबेनची मिळून ०.१४ टक्के ही जी मर्यादा २०१४ च्या युरोपीय नियमात दिसते, तिचे मूळ हे असे आहे. हवेतून काढलेला आकडा नाही. मात्र त्यातले एक-एक गृहीतक वादाचे होऊ शकते, हे मी आधीच मान्य करतो.

शंकेखोर | ४ जून, दुपारी १.०५

इतके उलगडून सांगितल्याबद्दल आभार, आणि ‘हवेतून’ हा शब्द मी मागे घेतो. पण मग त्या ३.७ टक्क्यांवरच बोलू. कोपनहेगनमध्ये तरुण पुरुषांच्या सर्वांगाला ब्यूटिलपॅराबेन असलेले क्रीम लावून रक्त तपासल्याचे मी वाचले आहे, आणि ते रक्तात सहज सापडले होते. शिवाय आपल्या गणितात एका वेळी एकच पदार्थ येतो. माणसाच्या अंगावर एका वेळी एकच पदार्थ असतो का?

सहाण | ४ जून, रात्री ९.४०

हा अभ्यास २००७ चा. सव्वीस निरोगी तरुणांच्या अंगाला रोज २ टक्के ब्यूटिलपॅराबेन असलेले क्रीम चोपडले होते आणि तीन तासांत रक्तातले प्रमाण दर लिटरला १३५ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. २ टक्के म्हणजे आजच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त, आणि त्याच क्रीममध्ये थॅलेट गटातली आणखी दोन रसायनेही होती. त्या आठवड्यात संशोधकांना त्या तरुणांच्या हार्मोनांवर क्रीमचा परिणाम म्हणता येईल असा बदल आढळला नाही. पण आपला मुद्दा मला मान्य आहे: त्वचा ही भिंत नसून चाळणी आहे, आणि ३.७ टक्के हा त्या वेळी हाताशी असलेल्या सर्वांत बऱ्या मोजणीतून आलेला आकडा होता. एससीसीएसने स्वतःच वेळोवेळी नवी माहिती मागवली, आणि प्रोपिलसाठी २०२१ मध्ये व ब्यूटिलसाठी २०२३ मध्ये पुन्हा विचार करून ०.१४ टक्के हीच मर्यादा कायम ठेवली.

अनेक पदार्थांच्या एकत्रित परिणामाबाबत माझ्यापाशी गुळगुळीत उत्तर नाही. एकाच परिरक्षकाचा सर्व उत्पादनांतून होणारा संपर्क आम्ही बेरीज करून धरतो. वेगवेगळ्या, पण एकाच दिशेने काम करणाऱ्या रसायनांची बेरीज नेहमीच्या अहवालात होत नाही. ही उणीव आहे, आणि व्यवसायातल्या माणसाने ती लपवू नये.

राईनकाठ | ५ जून, पहाटे १.१५

मी जर्मनीत राहतो आणि येथे आमच्या मुलीच्या पाळणाघरातून ‘अमुक घटक असलेले क्रीम देऊ नये’ अशी यादीच हातात पडली होती, म्हणून थोडे वाचन केले होते. डेन्मार्कने २०११ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्यूटिल पॅराबेनवर बंदी घातली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये त्यापेक्षा थोडा आखडता हात घेतला आणि बंदी फक्त लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या उत्पादनांपुरती घातली. मला तेव्हा ही राजकीय तडजोड वाटली होती. त्यामागे काही शास्त्रीय कारण आहे का?

फेनॉक्सिएथॅनॉलबाबतही असेच झाले. सगळ्या वयोगटांसाठी १ टक्का सुरक्षित असे एससीसीएसने २०१६ मध्ये सांगितले, तरी फ्रान्सच्या औषध-नियंत्रण संस्थेने २०१९ मध्ये लावून ठेवायच्या उत्पादनांवर ‘लंगोटाच्या जागी वापरू नये’ अशी सूचना छापायला लावली.

डॉ_निरगुडी | ५ जून, सकाळी ८.५०

लंगोटाच्या जागेचे कारण शास्त्रीयच आहे. तेथली त्वचा ओली, झाकलेली आणि अनेकदा सोललेली असते. मूत्र आणि विष्ठेतील विकरे (एन्झाइम) तिची राखण कमकुवत करतात. बंद आणि इजा झालेल्या त्वचेतून कोणताही पदार्थ जास्त शिरतो. त्यात सहा महिन्यांखालच्या बाळाची पॅराबेन मोडून टाकण्याची क्षमता प्रौढांइतकी नसते. हाताला लावलेले लोशन आणि लंगोटाखाली लावलेले तेच लोशन ही मूल्यमापनाच्या दृष्टीने दोन वेगळी उत्पादने आहेत.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र पॅराबेनची बाजू बळकट आहे. त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘वर्षातला ॲलर्जेन’च्या धर्तीवर ‘वर्षातला अॅलर्जी न देणारा पदार्थ’ म्हणून निवडले होते, आणि त्यात थोडा खट्याळपणा होता, हे खरे. पण अनेक दशके आणि इतका प्रचंड वापर होऊनही ॲलर्जीचे प्रमाण अत्यल्प राहिले हे त्यामागचे वास्तव आहे. पायाच्या जुन्या जखमेवर लावलेल्या मलमातून पॅराबेनची ॲलर्जी झालेल्या काही रुग्णांना तेच पॅराबेन चेहऱ्याच्या निरोगी त्वचेवर त्रास देत नाही, हेही जुने निरीक्षण आहे.

कुंपणावरची_कोरफड | ८ जून, सायंकाळी ६.३०

मी गेले पाच दिवस हा धागा वाचते आहे आणि आता धीर करून लिहिते. आमच्या सिंधुदुर्गातल्या बचत गटात आम्ही कोरफडीचे जेल करतो. ताजा गर, गुलाबपाणी, ग्लिसरीन, व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल आणि चहाच्या झाडाचे तेल एवढेच त्यात घालत होतो. गणपतीत भरलेल्या प्रदर्शनात ते चांगले खपले. दोन आठवड्यांनी एका ताईंनी बरणी परत आणली. झाकणाच्या आतल्या बाजूला, आट्यांमध्ये, काळपट हिरवा साका धरला होता, आणि जेल मात्र वरून काचेसारखे स्वच्छ होते. त्यांनी ते तोवर चेहऱ्याला लावले होते. आम्हाला अतिशय लाज वाटली. तेव्हापासून आम्ही त्यात अर्धा टक्का सोडियम बेंझोएट घालतो, कारण ते लोणच्या-सरबतात चालते. एवढे पुरे आहे का? द्राक्षफळाच्या बियांचा अर्क नैसर्गिक परिरक्षक म्हणून मिळतो, तो घ्यावा का?

सहाण | ८ जून, रात्री १०.५५

कोरफडताई, बरणी परत आली हे आपले नशीब समजा. बहुतेक बरण्या कचऱ्यात जातात आणि करणाऱ्याला काही कळत नाही.

व्हिटॅमिन ई हे परिरक्षक नव्हे. ते तेलाला खवट होऊ देत नाही, जिवाणूंना ते अडवत नाही. चहाच्या झाडाचे तेल जिवाणूंना थोडेफार अडवते, पण अडवण्याइतके घातले तर तेच ॲलर्जी देते. द्राक्षफळाच्या बियांच्या अर्काची गंमत अशी की १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बाजारातले सहा अर्क तपासले, तेव्हा पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक निघाले. जिवाणू मारण्याची ताकद त्या पाचांतच होती. सहाव्यात कृत्रिम काही नव्हते, आणि तो काहीच मारत नव्हता.

सोडियम बेंझोएट चांगले आहे, पण त्याचे सगळे काम सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. जिवाणूच्या आवरणातून आत शिरते ते बेंझोइक आम्ल. त्याचे क्षारात रूपांतर झाले की ते बाहेरच राहते. पीएच ४ असेल तर साठ टक्के आम्ल-रूपात असते, ५ ला चौदा टक्के, आणि ६ ला दीड टक्का. लोणच्यात आणि सरबतात ते चालते याचे कारण ती आंबट असतात. आपल्या जेलचा पीएच किती आहे? मोजला नसेल तर पट्टीने नव्हे, मीटरने मोजून घ्या.

हाच घोटाळा मोठ्या कारखान्यांतही होतो. पॅराबेन तेलात जास्त विरघळतात, त्यामुळे तेलकट क्रीममध्ये घातलेल्या पॅराबेनपैकी बराच भाग तेलात जाऊन बसतो आणि जिवाणू तर पाण्यात असतात. काही इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ, उदाहरणार्थ पॉलिसॉर्बेट ८०, पॅराबेनला आपल्या थेंबांत कोंडून ठेवतात. कागदावर ०.३ टक्के आहे म्हणून पाण्यात ०.३ टक्के असेल असे नाही. त्यामुळेच प्रत्यक्ष कसोटी घ्यावी लागते.

त्या कसोटीला चॅलेंज टेस्ट म्हणतात. आयएसओ ११९३० हे तिचे मानक. तयार उत्पादनात मुद्दाम पाच जिवांची पेरणी करतात: स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा, ई. कोलाय, कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट आणि ॲस्परजिलस ब्राझिलिएन्सिस ही काळी बुरशी. जिवाणू एका ग्रॅमला एक लाख ते दहा लाख इतके टाकतात. मग सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मोजणी होते. ‘अ’ निकषानुसार सातव्या दिवशी जिवाणू हजारपटीने घटलेले असले पाहिजेत आणि पुढे वाढता कामा नयेत. यीस्ट सातव्या दिवशी दहापटीने आणि बुरशी अठ्ठाविसाव्या दिवशी दहापटीने घटलेली हवी.

आणखी एक सांगतो, रागावू नका. विक्रीसाठी प्रसाधन बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक्स नियम यांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. परवाना हातात येईपर्यंत विक्री थांबवावी, असे मी स्पष्टच सुचवेन.

कुंपणावरची_कोरफड | ९ जून, सकाळी ७.००

विक्री थांबवली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात मीटरवर मोजले, पीएच ६.१ निघाला.

सहाण | ९ जून, सकाळी ९.२०

६.१ ला आपल्या बेंझोएटपैकी जेमतेम सव्वा टक्का कामावर हजर आहे, बाकीचे रजेवर. सायट्रिक आम्लाने पीएच ४.८ वर आणलात तर तो आकडा वीस टक्क्यांवर जाईल, म्हणजे मात्रा न वाढवता सोळापट. आधी आहे त्या नमुन्याचीच कसोटी घ्या, म्हणजे खात्री पटेल.

शंकेखोर | ९ जून, दुपारी १२.१०

बोलता बोलता एक प्रश्न राहिला. भारतात २०१४ पासून प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला बंदी आहे, आणि ती असावीच असे माझे मत आहे. मग नवे परिरक्षक आले तर आपले ते ‘२ मिलिग्रॅम’ कोठून येणार?

सहाण | ९ जून, रात्री ११.०५

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलेत. त्वचेच्या ॲलर्जीपुरते उत्तर बरे आहे. पदार्थ प्रथिनांना चिकटतो का, त्वचेच्या पेशींत धोक्याची घंटा वाजते का, आणि रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात का, या तीन पायऱ्यांच्या तीन स्वतंत्र चाचण्या काचेच्या भांड्यात होतात. त्यांचे निकाल एकत्र कसे वाचावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये ठरवून दिली. दीर्घकाळच्या अंतर्गत परिणामांसाठी मात्र तशी सुटसुटीत पद्धत अजून रुळलेली नाही. परिणामी जुन्या परिरक्षकांना जुन्या प्राणी-प्रयोगांची शिदोरी पुरते आणि नव्याला दारातच अडखळायला होते. एकीकडे जुन्या यादीतून नावे गळतात. ज्या परिरक्षकांतून फॉर्मल्डिहाइड सुटते त्यांपैकी क्वाटर्नियम-१५ युरोपातून २०१९ मध्ये गेले. दुसरीकडे भर पडत नाही. मग सगळा बाजार फेनॉक्सिएथॅनॉल आणि बेंझोएट अशा चार-सहा नावांवर कोसळतो. एकाच पदार्थाचा सगळ्यांच्या त्वचेशी इतका संपर्क होणे, हे एमआयच्या वेळी काय करून गेले ते डॉक्टरांनी वर लिहिलेच आहे.

डॉ_निरगुडी | १० जून, सकाळी ८.१५

याला माझी पुष्टी. एमआयची क्षमता चाचण्यांना आधी दिसली नव्हती असे नाही. ते मध्यम ते तीव्र ॲलर्जेन आहे हे माहीत होते. चूक झाली ती एका वेळी एकच उत्पादन पाहण्यात. वाइप्स, शाम्पू, क्रीम आणि भिंतीचा रंग यांची बेरीज कोणी केली नाही.

कुंपणावरची_कोरफड | १२ जुलै, सायंकाळी ५.१०

महिनाभराने लिहिते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जुना नमुना दिला होता. सातव्या दिवशीच त्यांचा फोन आला. स्यूडोमोनास जितका टाकला होता तितकाच होता आणि कँडिडा वाढला होता. त्यांनी पुढे पैसे घालवू नका असे सांगितले. आता पीएच ४.८ केला आहे, बेंझोएट तेवढेच ठेवले आहे आणि ०.८ टक्के फेनॉक्सिएथॅनॉल घातले आहे. गटातल्या दोघींचा ‘केमिकल नको’ असा विरोध होता. त्यांना त्या बरणीच्या झाकणाचा फोटो पुन्हा दाखवला.

सहाण | १२ जुलै, रात्री ९.००

जोडी योग्य आहे. फेनॉक्सिएथॅनॉल स्यूडोमोनासला चांगले आवरते आणि बुरशीकडे थोडे कमी पडते. बेंझोएटची ताकद मुख्यतः यीस्ट आणि बुरशीवर. अठ्ठावीस दिवस थांबा.

कुंपणावरची_कोरफड | २९ ऑगस्ट, सकाळी १०.४०

अहवाल आला. तिन्ही जिवाणू सातव्या दिवशी मोजण्यापलीकडे घटले आणि परत वाढले नाहीत. कँडिडाही पास. काळी बुरशी मात्र अठ्ठाविसाव्या दिवशी टाकली होती त्याच्या साधारण एक तृतीयांश उरली आहे. अहवालात ‘अ’ निकष पूर्ण नाही, ‘ब’ पूर्ण, असे लिहिले आहे. याचा अर्थ नापास का?

सहाण | २९ ऑगस्ट, दुपारी १.३०

नापास नाही, पण अट आहे. बुरशी दहापटीने घटायला हवी होती, ती तिपटीने घटली. वाढली मात्र नाही. ‘ब’ निकष चालतो, पण उत्पादनाला बाहेरून आणखी कशाने तरी सांभाळले जाते हे दाखवावे लागते. आपल्या बाबतीत ते म्हणजे बरणी. रुंद तोंडाची बरणी सोडा आणि हवा आत न घेणारी पंपाची बाटली घ्या, म्हणजे बोट आत जाणार नाही आणि आट्यांत ओल साचणार नाही. परवान्याच्या अर्जासोबत हा अहवाल आणि बाटलीचा तपशील दोन्ही जोडा.

कुंपणावरची_कोरफड | २९ ऑगस्ट, रात्री ८.०५

बरणी सहा रुपयांना पडते, तसली बाटली बावीस रुपयांना सांगतात. यंदाचा गणपती गेला. मी गटाच्या बैठकीत दोन्ही समोर ठेवते.